नागपूरचे बंदर

मौदा हे कन्हान नदीच्या काठावरचे तालुक्याचे गाव. नागपुराहून भंडाऱ्याकडे जाणारा महामार्ग इथे नदी ओलांडतो. पुलावरून जाणाऱ्यांपैकी फार थोडे खाली पाहतात. पाहिले तर एखादा डोंगा दिसतो. त्यात उभा राहून जाळे फेकणारा ढिवर दिसतो, आणि उन्हाळ्यात पाण्यापेक्षा रेतीच जास्त दिसते. मी या गावात तीस वर्षे इतिहास शिकवला. व्हास्को द गामा, सुरतेची वखार, मुंबईचे आंदण सगळे शिकवले. पण वर्गाच्या खिडकीबाहेरची नदी कुठल्या समुद्राला मिळते, हा प्रश्न कधी विचारला नाही. तो विचारला तो निवृत्तीनंतर घाटावर बसायला लागल्यावर, आणि तोही एका म्हाताऱ्या ढिवराला. तो म्हणाला, "कुठी जाते म्हंजे? खाली जाते न बाप्पा!"

'खाली' म्हणजे कुठे, हे नकाशात सरळ आहे. कन्हान आंभोऱ्याजवळ वैनगंगेला मिळते. वैनगंगा भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली या जिल्ह्यांतून दक्षिणेला जाते. चपराळ्यापाशी तिला वर्धा भेटते आणि तिथून पुढे दोघींचे नाव प्राणहिता होते. प्राणहिता सिरोंच्याला गोदावरीत शिरते. गोदावरी भद्राचलमवरून, पापीकोंडांच्या डोंगरखिंडीतून राजमहेंद्रीला पोहोचते, धवळेश्वरमच्या खाली तिच्या शाखा फुटतात आणि काकिनाड्याच्या आजूबाजूला ती बंगालच्या उपसागराला मिळते. सरळ रेषेत मोजले तर नागपुराहून काकिनाडा मुंबईपेक्षा शंभराहून अधिक किलोमीटरने जवळ आहे. तरी नागपूरकराला समुद्र म्हटले की मुंबई आठवते. ही सवय रेल्वेने लावलेली आहे. ती लागायच्या आधी वीस वर्षे नागपूरचे बंदर म्हणून काकिनाड्याचेच नाव घेतले जात होते. ते बंदर होडीतून पाहण्याच्या निमित्ताने ही हकीकत तपासून पाहिली. ती इथे मांडतो.

नागपूर प्रांताचा समुद्राशी व्यवहार इंग्रजांनी सुरू केलेला नाही. पूर्व किनाऱ्याचे मीठ लमाणांच्या बैलांवरून वर यायचे आणि वऱ्हाडचा कापूस त्याच पाठींवरून खाली जायचा. अहेरी-सिरोंच्याच्या जंगलातले सागवान तर नदीनेच जात असे. ओंडके बांधून तराफे करायचे आणि पुराच्या पाण्यावर राजमहेंद्रीपर्यंत सोडायचे. म्हणजे वाट होती, पण ती एका दिशेची आणि एका ऋतूची होती.

तिला बारमाही, दुतर्फा आणि आगबोटीची करण्याचे स्वप्न पाहिले ते आर्थर कॉटन या लष्करी अभियंत्याने. माणसाचे आडनाव कॉटन, काम पाण्याचे आणि ध्यास कापूस वाहून नेण्याचा, असा हा योग. १८४७ ते १८५२ या काळात त्याने धवळेश्वरमला गोदावरीवर बंधारा घातला. त्यातून निघालेल्या कालव्यांनी दुष्काळी मुलुखाचे भाताचे कोठार झाले, आणि आजही गोदावरी जिल्ह्यांतले शेतकरी त्याचे पुतळे उभारतात, त्याची जयंती करतात. परकीय अधिकाऱ्याबद्दल इतका जिव्हाळा आपल्याकडे क्वचितच आढळतो. पण कॉटनच्या डोक्यात कालवा म्हणजे फक्त सिंचन नव्हते. कालव्यातून बोट चालली पाहिजे, असा त्याचा हट्ट होता. बैलगाडीपेक्षा पाण्यावरची वाहतूक कितीतरी पटींनी स्वस्त आणि रेल्वेच्या रुळांपेक्षा नदी स्वस्त, हा त्याचा हिशोब. धवळेश्वरम ते काकिनाडा कालवा झालाच होता. आता वरची गोदावरी, प्राणहिता, वर्धा आणि वैनगंगा मोकळ्या केल्या की हिंगणघाट-चांद्याचा कापूस थेट समुद्रावर. त्याचा सहकारी हेग याने नदीची पाहणी करून १८५६ मध्ये अहवाल दिला. त्याच सुमारास, १८५४ मध्ये, नागपूरचे भोसल्यांचे राज्य खालसा झाले होते, त्यामुळे नदीचा वरचा काठही कंपनीच्या हाती आला होता.

अडचण खडकांची होती. नदी तीन ठिकाणी खडकांवरून अशी उतरते की पूर ओसरला की बोट चालणे शक्यच नाही. त्या काळच्या कागदांत यांना 'बॅरियर' म्हटले आहे. आपण अडसर म्हणू. पहिला भद्राचलमच्या वरच्या अंगाला दुम्मागुडेमचा, दुसरा इंद्रावतीच्या संगमाखाली इंचमपल्लीजवळचा, तिसरा प्राणहितेवर देवलमरीचा, म्हणजे आजच्या अहेरी तालुक्याच्या बाजूचा. प्रत्येक ठिकाणी बंधारा घालायचा, बाजूने कालवा खोदायचा आणि त्यात पायऱ्यापायऱ्यांनी बोट चढवणारे-उतरवणारे दरवाजे बसवायचे, अशी योजना. १८६० मध्ये निजामाकडून नदीच्या डाव्या काठाचे तालुके इंग्रजांकडे आले आणि सिरोंचा हे 'अपर गोदावरी' नावाच्या स्वतंत्र जिल्ह्याचे ठाणे झाले. ज्या सिरोंच्याला आजही पावसाळ्यात पोहोचणे कष्टाचे आहे, ते एका जलमार्गाचे मुख्य ठाणे होणार होते! तिथल्या ग्लासफर्ड या साहेबाचे नाव ग्लासफर्डपेठा या गावाला आहे. त्या गावाच्या पाटीवरचे नाव बरेच जण बोलीभाषेतला अपभ्रंश समजतात.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटले. लँकेशायरच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेनासा झाला आणि हिंगणघाटच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. मध्य प्रांताचा चीफ कमिशनर रिचर्ड टेंपल या योजनेचा पुरस्कर्ता होता. दुम्मागुडेमला काम जोरात सुरू झाले. जंगलात मजूर मिळत नव्हते, मिळाले ते तापाने आणि पटकीने पडत होते, तरी बंधारा उठला. तो आजही उभा आहे. वरच्या दोन ठिकाणची कामे मात्र पुरी झाली नाहीत. २० फेब्रुवारी १८६७ ला नागपूरला मुंबईची रेल्वे आली. ऑक्टोबर १८७१ मध्ये सरकारने गोदावरी जलमार्गाचे काम बंद केले.

ग्रंथांतून याचे कारण रेल्वे असे एका शब्दात दिले जाते. ते खरे आहे, पण पुरते नाही, असे मला वाटते. कापसाचा आणि नदीचा हंगाम जुळवून पाहावा. आपल्याकडे वेचणी दिवाळीच्या आगेमागे सुरू होते. सरकी काढून, गाठी बांधून माल निघतो तो पौष-माघापासून वैशाखापर्यंत. नेमक्या याच महिन्यांत कन्हान, वैनगंगा, वर्धा सगळ्या रोडावतात. आषाढ-श्रावणात पाणी दुथडी असते तेव्हा शेतात कापसाचे रोप वीतभर असते. नदी तयार तेव्हा माल नाही आणि माल तयार तेव्हा नदी नाही. तीन अडसर बांधून काढले असते तरी त्यांच्या वरचा दीडदोनशे मैलांचा उथळ, रेताड पट्टा पाणी कुठून आणणार होता? कॉटनसाहेब मद्रासकडून नदीकडे पाहत होते. तिथे ती रुंद आणि भरलेली दिसते. मौद्याच्या घाटावर चैत्रात तासभर बसले असते तर हिशोब बदलला असता.

असो. बंदर राहिले आणि वाट गेली. ते बंदर पाहायला मी जानेवारीत निघालो. बरोबर सिरोंच्याचे एक शिक्षकमित्र होते. सिरोंच्याची माणसे घरात तेलुगू आणि कचेरीत मराठी बोलतात, त्यामुळे दुभाष्याची सोय झाली. विजयवाड्याकडून गाडी राजमहेंद्रीच्या पुलावर आली तेव्हा डब्यातल्या चार-पाच बायकांनी खिडकीतून नाणी टाकली. खाली पाण्याचा पट्टा इतका रुंद की पलीकडचा काठ धूसर. यात आपला वाटा किती, हा प्रश्न मनात आलाच. प्राणहिता ही गोदावरीची सर्वांत मोठी उपनदी. खोऱ्याचा जवळजवळ एक तृतीयांश भाग तिचा. म्हणजे नाशिककरांनी नाराज होऊ नये, पण इथवर आलेल्या गोदावरीत विदर्भ बराच आहे.

सामलकोटला उतरून काकिनाडा. शहर सरळ रस्त्यांचे, आखीव. मधून एक खाडीवजा कालवा समुद्राकडे जातो आणि त्याच्या दक्षिणेला जगन्नाथपुरम ही डचांची जुनी वसाहत. कालव्यात दोन्ही बाजूंना मासेमारीच्या होड्या एकमेकींना खेटून बांधलेल्या. आम्ही होडी ठरवायला गेलो तिथे एक गंमत झाली. मी सवयीने बोट दाखवून "डोंगा, डोंगा" म्हणालो. नावाडी दचकला, मग त्याचे सोबती हसत सुटले. मास्तरांनी माझा हात खाली केला. तेलुगूत 'दोंगा' म्हणजे चोर. होडीला ते 'पडव' म्हणतात. आपल्या कोकणातला पडाव त्याच्या जवळचा वाटतो. त्या नावाड्याने मग दिवसभर मला 'दोंगा सार' म्हणून हाक मारली. मीही ओ दिली.

कालव्याच्या तोंडातून बाहेर पडल्यावर प्रथम धक्का बसतो तो लाटा नसल्याचा. समोर समुद्र आहे आणि तळ्यासारखा शांत आहे. दूरवर मोठी जहाजे नांगरून उभी असतात, धक्क्यापासून कोसभर आत. कारण काकिनाड्याचे जुने बंदर हे धक्क्याचे बंदर नव्हे, नांगरवाड्याचे. किनाऱ्याजवळ पाणी उथळ, म्हणून जहाज आत येत नाही; सपाट तळाचे पडाव किनाऱ्यावर तांदळाची पोती भरतात, ओढबोटींमागून जहाजापर्यंत जातात आणि तिथे माल वर चढतो. १९९० च्या दशकात खोल पाण्याचे नवे बंदर झाले, तिथे जहाज धक्क्याला लागते. पण पडावांची ये-जा अजून चालू आहे. आमच्या होडीजवळून असा एक पडाव गेला. पोत्यांच्या थप्पीवर एक माणूस गाढ झोपला होता.

समुद्र शांत का, याचे उत्तर तासाभराने समोर आले. उत्तरेकडे बोटासारखी लांबत गेलेली वाळूची पट्टी, तिच्यावर सुरूची झाडे आणि चार खोपट्या. हे होप आयलंड. बेट म्हणतात, पण आहे ती गोदावरीने आणून टाकलेली वाळू. गेल्या दोनेकशे वर्षांत, नदीच्या गाळाने आणि किनाऱ्याच्या प्रवाहाने मिळून ही पट्टी वाढवत नेली आणि तिच्या आडोशाला काकिनाड्याचा उपसागर निवांत झाला. परवानगीचे सोपस्कार आधीच केले होते. उतरलो. वाळू मूठभर घेतली. कोणता कण कुठला हे कोणी सांगू शकत नाही. त्यात शबरीचा असेल, इंद्रावतीचा असेल, नाशिकचा असेल. पण दोनशे पावसाळे मौद्याच्या, कुहीच्या, पवनीच्या शेतांतून जे काही वाहून गेले ते याच बाजूला गेले, एवढे नक्की. आमच्या गावी बांध फुटला की बाप म्हणतो, 'माती गेली.' कुठे गेली, ते मला त्या दिवशी दिसले. जानेवारी ते मार्च या दिवसांत ऑलिव्ह रिडले कासवे या वाळूत अंडी घालायला येतात.

परतीची वाट नावाड्याने कोरिंगाच्या तिवरांमधून घेतली. गोदावरीच्या गौतमी शाखेची एक धार कोरिंगा नावाने इथे उतरते. दोन्ही बाजूंना तिवरांची भिंत, मुळे चिखलातून वर आलेली. ओहोटी लागली होती आणि नावाडी घाई करत होता. उशीर झाला असता तर भरतीपर्यंत चिखलात बसावे लागले असते. १९७८ पासून हे अभयारण्य आहे. इथे मासेमार मांजर असते, पाणमांजरे असतात. आम्हाला मांजर दिसले नाही, तिचे ठसे दिसले, असे नावाड्याने सांगितले. मला ते कुत्र्याचे वाटले.

याच धारेवर कोरिंगा हे बंदर होते, काकिनाड्याहून जुने. जहाजे बांधणारे, दुरुस्त करणारे गाव. इथून ब्रह्मदेशात मजूर इतके गेले की रंगूनमध्ये कोणत्याही तेलुगू मजुराला 'कोरिंगी' म्हणू लागले. १७८९ आणि १८३९ अशा दोन वादळांत समुद्राने गाव धुऊन नेले. 'सायक्लोन' हा शब्द ज्याने घडवला त्या हेन्री पिडिंग्टनने १७८९ च्या वादळातल्या कोरिंगावर आलेल्या लाटांचे वर्णन नोंदवून ठेवले आहे. पण माझ्या मते वादळाने बंदर मारले, हे अर्धेच खरे. वादळानंतर गाव पुन्हा बसते. कोरिंगाला गाळाने पुन्हा बसू दिले नाही. धार उथळ झाली, जहाजे उत्तरेला काकिनाड्याकडे वळली, आणि अमेरिकन युद्धाच्या काळात कापसाचा व्यापार काकिनाड्याला भरभराटीला आला. ज्या नदीने बंदर दिले, तिनेच ते बुजवले आणि आडोसा करून दुसरे दिले. आज कोरिंगाला जहाज नाही, पण जवळच्या ताल्लरेवूत लाकडी होड्या बांधणारे सुतार अजून आहेत.

वाटेत चोल्लंगी लागते. पौष अमावास्येला इथे स्नानाची गर्दी होते. गोदावरीची सात मुखे मानतात आणि सातांवर स्नान करण्याची 'सप्तसागर यात्रा' इथून सुरू करतात. कन्हानकाठच्या आंभोऱ्यालाही पाच नद्यांचा संगम आणि चैतन्येश्वर आहे. मुकुंदराजांनी 'विवेकसिंधु' तिथे लिहिला असे आम्ही मानतो. आंबेजोगाईकर ते मानणार नाहीत, तो वाद इथे नको. एका टोकाला पाच नद्या एकत्र येतात आणि दुसऱ्या टोकाला एकीच्या सात होतात, एवढे नोंदवतो.

काकिनाड्याशी नागपूरचा आणखी एक धागा आहे. १९२३ मध्ये नागपुरात झेंडा सत्याग्रह झाला. त्यात तुरुंगात गेलेल्यांमध्ये हुबळीचे डॉ. ना. सु. हर्डीकर आणि त्यांचे स्वयंसेवक होते. त्यांच्या शिस्तीची चर्चा देशभर झाली आणि त्याच वर्षी डिसेंबरात काकिनाडा काँग्रेसमध्ये हिंदुस्थानी सेवा दलाचा जन्म झाला. याच अधिवेशनात गाण्याला अध्यक्षांनी आक्षेप घेतला तरी विष्णु दिगंबर पलुसकरांनी 'वंदे मातरम्' पूर्ण गायले. काकिनाड्यात मी दोघांना ही जागा विचारली. त्यांनी मला काजाच्या दुकानाकडे पाठवले. काजा चांगला होता. चावला की पाक तोंडात येतो.

दुसऱ्या दिवशी उत्तरेला उप्पाड्याला गेलो. हे जामदानी साड्यांचे गाव म्हणून आपल्याकडच्या बायकांना ठाऊक आहे. तिथे समुद्र गाव खातो आहे. किनाऱ्याचा रस्ता तुटलेला, दगडांची रास टाकून धरलेला. अर्धी भिंत उभी असलेली घरे. एका घराला समुद्राकडची खोलीच नव्हती. उरलेल्या खोलीत बाई चुलीवर भात शिजवत होती. मास्तरांनी विचारल्यावर ती म्हणाली, तिच्या सासऱ्याच्या वेळी समुद्र दिसायचा नाही, नुसता ऐकू यायचा.

किनारा खचण्याची कारणे अनेक आहेत. होप आयलंडच्या वाढत्या टोकाने वाळूचे वळण बदलले, हे एक सांगितले जाते. दुसरे कारण आपल्या घराशी येऊन भिडते. गोदावरी समुद्राला देत असलेला गाळ १९७० च्या दशकानंतरच्या वीस-पंचवीस वर्षांतच निम्म्याहून खाली आला, असे अभ्यासकांचे मोजमाप आहे. धरणे गाळ अडवतात. पैठणला जायकवाडी, कन्हानच्या उपनदीवर तोतलाडोह, आणि आमच्या दाराशी गोसीखुर्द, ज्याची पायाभरणी २२ एप्रिल १९८८ ला झाली. समुद्राला वाळू मिळाली नाही की तो किनाऱ्याची घेतो.

गोसीखुर्दच्या पाण्यामुळे आंभोऱ्याला आता बारमाही जलाशय आहे. कॉटनसाहेबांना हवे होते ते पाणी, वैशाखातसुद्धा, होडीला पुरेल इतके. मौद्याचे वीजकेंद्र त्यातूनच पाणी घेते. पण त्याच जलाशयात नाग नदीने आणलेले नागपूरचे सांडपाणी उतरते आणि जलपर्णी अशी माजते की ढिवराला डोंगा घालता येत नाही. ज्यांची शेते आणि गावे बुडाली त्यांच्यात हे ढिवरही होते. खाली सिरोंच्यासमोर २०१९ मध्ये मेडीगड्डा बंधारा झाला. त्याच्या फुगवट्याने आपल्या बाजूची शेती पाण्याखाली जाते म्हणून मास्तरांच्या गावचे शेतकरी कचेऱ्यांत खेटे घालत राहिले. २०२३ च्या ऑक्टोबरात त्या बंधाऱ्याचे खांब खचले. आता गोसीखुर्दचे पाणी पश्चिमेला नळगंगेपर्यंत नेण्याची योजना राज्याने मंजूर केली आहे. नदी पूर्वेला वाहते, तिला उलट वळवून बुलढाण्याला न्यायचे. तिकडची तहान खरी आहे, त्यावर माझे म्हणणे नाही. पण काकिनाड्याच्या टोकाला याचा हिशोब कोणी विचारणार का?

आणि त्याच वेळी, २०१६ च्या कायद्याने देशातल्या एकशे अकरा जलमार्गांना राष्ट्रीय जलमार्ग ठरवले. त्यात वैनगंगा-प्राणहिताही आहेत. काकिनाडा कालवा आणि भद्राचलमखालची गोदावरी तर आधीपासूनच चौथ्या क्रमांकाच्या जलमार्गात आहेत. म्हणजे कागदावर कॉटनची रेघ पुन्हा ओढली गेली आहे, मधे आता खडकांऐवजी धरणे आहेत.

मौद्याला परतल्यावर घाटावर गेलो. म्हाताऱ्याला होप आयलंडची वाळू दाखवली. कागदाच्या पुडीत बांधून आणली होती. त्याने चिमूटभर घेतली, बोटांत चोळली.

"बारीक हाये," तो म्हणाला. "आपली जाडी रेती तिथवर गेलीच नसन. ते तर ट्रकवालेच घेऊन गेले."

मग पुडी परत करत विचारले, "मासोळ्या कोन्त्या भेटतात तिथं?"